गाडीची किल्ली कोणाच्या हाती?

परीक्षा संपल्या, निकाल लागले आणि रावेर-जळगावकडची पाहुणेमंडळी सुट्टीला आली, की आपल्या घरांतून एक संवाद हमखास ऐकू येतो. "आजोबा, शनवाऱ्यापर्यंत जाऊन लगेच येतो. किल्ली द्या ना." आजोबा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणतात, "हळू जा रे. आणि येताना आजीची औषधे घेऊन ये." नातू नुकताच दहावीची परीक्षा दिलेला. आजोबांना वाटते, एवढ्याशा अंतराला काय होते? आईला वाटते, पोर कामाला लागले. शेजारच्या काकू तर कौतुकाने म्हणतात, "किती सफाईने चालवतो हो!" या महिन्याच्या सदरात या किल्लीविषयीच लिहावयाचे आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्याने तिची जबाबदारी नातवाच्या अंगावरून उचलून आजोबांच्या अंगावर ठेवली आहे, आणि आपल्या मंडळींत ही गोष्ट अजून पुरेशी रुजलेली दिसत नाही.

आपले बुऱ्हाणपूर हे तटबंदीचे गाव. शनवारा, इतवारा, शिकारपुरा, लोहारमंडी ही नावे उच्चारली की वेशी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. या रस्त्यांची आखणी झाली तेव्हा पालख्या, घोडे आणि बैलगाड्या यांचाच विचार होता. आज त्याच वाटांवरून कापडाच्या गाठी लादलेल्या हातगाड्या, रिक्षा, शाळेच्या गाड्या आणि दोन दुचाकींच्या फटीतून तिसरी घालणारे तरुण एकाच वेळी वाट काढीत असतात. गावाबाहेर पडावे तर असीरगडाच्या पायथ्यावरून येणारा इंदूर-इच्छापूर रस्ता. त्यावर केळीचे ट्रक आणि दूरवरच्या मालवाहू गाड्या रात्रंदिवस धावतात. गल्लीत गाडी सफाईने चालविणारा मुलगा या रस्त्यावर पाच मिनिटांत पोहोचतो. 'शनवाऱ्यापर्यंत' या शब्दाला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

आता कायद्याकडे वळू. साऱ्या देशासाठी मोटारींचा पहिला कायदा १९१४ साली झाला, त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली, आणि आज चालू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याचे कलम ३ सांगते की परवान्यावाचून कोणीही सार्वजनिक जागी गाडी चालवू नये. कलम ४ वयाची मर्यादा घालते. स्वतःच्या वापराच्या गाडीसाठी अठरा वर्षे पूर्ण, भाड्याच्या अगर मालवाहू गाडीसाठी वीस वर्षे पूर्ण. एक सवलत मात्र आहे, आणि साऱ्या गैरसमजाचे मूळ तिच्यात आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालविता येते, तीही पालकांच्या लेखी संमतीने परवाना काढल्यावरच.

घरोघर लूना होती त्या काळी या सवलतीला अर्थ होता. आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी तीच गोष्ट आजही आहे की 'बिनगिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालते.' पण आज दारात उभी असलेली बिनगिअरची स्कूटर बहुधा ११० किंवा १२५ सीसीची असते. तिला ही सवलत लागू नाही. गिअर नाही म्हणून गाडी लहान ठरत नाही. कायदा इंजिनाचे माप पाहतो. विजेवर चालणाऱ्या दुचाकींपैकी ज्यांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, अशा अगदी सौम्य गाड्या, नियमातील इतर अटी पाळीत असतील तर, मोटार वाहनाच्या व्याख्येतच येत नाहीत. त्यांना परवाना लागत नाही. दुकानदाराच्या सांगण्यावर न विसंबता गाडीच्या कागदावरचे हे आकडे आपण स्वतः वाचावेत. वेग याहून अधिक असेल तर ती विजेची गाडीही इतर गाड्यांसारखीच नोंदणीस आणि परवान्यास पात्र ठरते.

परवान्यावाचून गाडी चालविणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही, आणि अशा माणसाला जाणूनबुजून गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढीच शिक्षा आहे. पण चालविणारा अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण फार पुढे जाते. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १९९ क सांगते की मुलाच्या हातून या कायद्याखालचा गुन्हा घडला तर त्याचा पालक अथवा गाडीचा मालक दोषी मानला जाईल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. नोकरीसाठी फिरती करावी लागणाऱ्या तरुणाला या शेवटच्या अटीचा अर्थ काय होतो, ते सांगावयास नको.

या कलमातील एक बारकावा वडीलधाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. मुलाने गाडी नेली ती पालकाच्या अगर मालकाच्या संमतीनेच, असे न्यायालय गृहीत धरते. "मला ठाऊकच नव्हते", "मी नको म्हटले होते" हे आपण पुराव्याने दाखवावे लागते. रोज खुंटीवर टांगलेली किल्ली, शिकवणीच्या दारात रोज उभी राहणारी गाडी आणि शेजाऱ्यांचे ते कौतुक, हे सारे त्या वेळी आपल्याविरुद्धच जाते. मुलाजवळ त्या प्रकारच्या गाडीचा रीतसर परवाना, अगदी शिकाऊ का होईना, असेल तर मात्र हे कलम पालकाला लागू होत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात जे घडले, ते आपण सर्वांनी वाचले आहे. सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या भारी मोटारीने एका दुचाकीला धडक दिली आणि दुचाकीवरील दोघांचा अंत झाला. ते दोघे चोवीस वर्षांचे अभियंते आपल्या मध्यप्रदेशातले होते. नोकरीसाठी पुण्यास गेलेली ही मुले. अशी मुले आपल्या किती घरांतून दरवर्षी पुण्याला जातात! बाल न्याय मंडळाने त्या मुलाला काही तासांतच जामीन दिला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितला, तेव्हा देशभर संताप उसळला. पुढे मुलाच्या वडिलांना अटक झाली. त्या प्रकरणाचा न्याय न्यायालय करील. पण श्रीमंतांच्या घरची गोष्ट म्हणून आपण ती बाजूला सारतो, हे मला पटत नाही. मोटार कोट्यवधींची असो की स्कूटर लाखाची, किल्ली घरातूनच गेलेली असते.

कैद आणि दंड यांची भीती काही जणांना वाटत नाही, कारण 'आपल्या गावात कोण धरतो' हा विश्वास. त्यांनी विम्याचा हिशेब अवश्य पाहावा. दुसऱ्याच्या जीविताच्या हानीसाठी प्रत्येक गाडीचा विमा सक्तीचा आहे, आणि अपघातात कोणी दगावले तर भरपाई विमा कंपनी देते, इतके बहुतेकांना ठाऊक असते. मात्र विम्याच्या करारात चालविणाऱ्याजवळ वैध परवाना असण्याची अट असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात या अटीचा अर्थ स्पष्ट केला. मृताच्या कुटुंबाला कंपनीने पैसे द्यावेत. पण मालकाने परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देण्यात हयगय केली, असे कंपनीने सिद्ध केले तर तिला ती रक्कम मालकाकडून वसूल करता येते. म्हणजे पीडित कुटुंबाचे नुकसान टळते, आणि बोजा येतो तो ज्याच्या नावावर स्कूटर आहे त्याच्यावर.

हा बोजा किती असतो? एक साधे उदाहरण घेऊ. समजा, महिना पंधरा हजार रुपये मिळविणारा, पंचवीस वर्षांचा एखादा कारागीर अपघातात गेला. मागे पत्नी आणि एक मूल. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या रीतीप्रमाणे भावी उत्पन्नवाढीसाठी चाळीस टक्के मिळवावयाचे, म्हणजे एकवीस हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करावयाचा; राहिले चौदा हजार. वर्षाचे झाले एक लाख अडुसष्ट हजार. त्या वयासाठी अठराने गुणावयाचे. रक्कम येते तीस लाख चोवीस हजार, आणि अंत्यसंस्कार वगैरेंच्या रकमा व व्याज निराळे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आजोबांनी हा आकडा एकदा कागदावर स्वतः मांडून पाहावा. राहते घर विकूनही तो पुरा होईलच असे नाही.

मग मुलाने शिकूच नये काय? अवश्य शिकावे, अठरा पूर्ण होताच शिकावे, आणि रीतीने शिकावे. परिवहन खात्याच्या 'सारथी' या संकेतस्थळावर शिकाऊ परवान्याचा अर्ज भरता येतो. वयाचा व पत्त्याचा पुरावा आणि आपल्या प्रकृतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. वय चाळीस उलटले असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. वाहतुकीच्या खुणा, नियम आणि अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये यांवर प्रश्न विचारतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. त्या काळात गाडीवर पुढे-मागे लाल रंगातील 'एल' हे अक्षर हवे आणि पक्का परवाना असलेला माणूस बरोबर हवा. शिकाऊ परवान्यावर मैत्रिणीला किंवा धाकट्या भावाला मागे बसवून नेणे म्हणूनच नियमबाह्य आहे. मागे बसलाच तर शिकविणारा बसावा. तीस दिवस पुरे झाले की पक्क्या परवान्यासाठी प्रत्यक्ष चाचणी देता येते. दुचाकीवरून इंग्रजी आठाचा आकडा काढावयाचा, पाय टेकावयाचा नाही. यासाठी दलालाला पैसे मोजणारे लोक पाहिले की नवल वाटते. जो आठ काढू शकत नाही, त्याला शिकारपुऱ्याच्या गर्दीत कसे वळता येणार?

जुन्या मंडळींच्या परवान्यांवर खंडव्याचे नाव आढळेल, कारण १५ ऑगस्ट २००३ रोजी बुऱ्हाणपूर जिल्हा निराळा होईपर्यंत आपण पूर्व निमाडात होतो. आता आपल्या गाड्यांना एमपी ६८ हा क्रमांक मिळतो. खंडव्याचा एमपी १२ अजून काही जुन्या गाड्यांवर दिसतो, आणि त्यात गैर काही नाही. कार्यालयातील फलक आणि कागदपत्रे हिंदीत असतात. तेथे 'चालन अनुज्ञप्ति' असे लिहिलेले दिसले तर बिचकू नये, तो आपला परवानाच.

रस्त्यावरच्या नियमांपैकी डावीकडून जावे, उजवीकडून पुढे काढावे, हे शाळेतले मूलही सांगेल. खुणांचेही तसेच. गोल फलक म्हणजे आज्ञा, त्रिकोणी म्हणजे सावधगिरी, चौकोनी म्हणजे माहिती. घोटाळा होतो तो चौकात. जेथे दिवे नाहीत आणि पोलीसही नाही, तेथे आपल्या उजव्या हाताने येणाऱ्याला आधी जाऊ द्यावयाचे. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना मोठ्या रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्यावयाचे. आपल्याकडे ज्याचा भोंगा मोठा त्याला आधी जाऊ देण्याची चाल आहे, तिला कायद्यात कोठेही आधार नाही.

शिरस्त्राणाविषयी भगिनीवर्गाला दोन शब्द. मागे बसणारीलाही हेल्मेट सक्तीचे आहे, आणि डोक्यावर पदर आहे, जवळच देवळात जावयाचे आहे, ही कारणे कायदा ओळखत नाही. चार वर्षांवरील प्रत्येक मुलालाही ते हवे. त्याहून लहान मूल बरोबर असेल तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून त्याला चालविणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि, नऊ महिन्यांपुढच्या बाळाला, त्याच्या मापाचे शिरस्त्राण आवश्यक आहे. वेग ताशी चाळीसच्या वर नेऊ नये. दुचाकीच्या मागच्या चाकाला जाळी असते ती साडीसाठीच. चाकाचा अर्धा भाग तरी झाकणारे आवरण, हाताला धरावयास मूठ आणि पाय टेकावयास जागा या तीन गोष्टी नियमानेच सक्तीच्या आहेत. मुलगा 'दिसायला बरी नाही' म्हणून ती जाळी काढून टाकावयास निघाला, तर आईने त्याला स्पष्ट नकार द्यावा. पदर चाकात गुंतला म्हणजे काय होते, ते ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही.

अपघात घडलाच तर पळून जाण्याची बुद्धी अनेकांना होते, जमावाच्या भीतीने. चालकाने जखमीला दवाखान्यात पोहोचविण्याची तजवीज करावी आणि पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवावे, असे कलम १३४ सांगते. जमावापासून जिवाला धोका असेल तर सरळ पोलीस ठाण्यात जावे. आणि आपण नुसते वाटसरू असलो, तर रस्त्यात पडलेल्या माणसाला उचलून नेल्याबद्दल आपल्यामागे चौकशीचा ससेमिरा लागत नाही. कलम १३४ क ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे; नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण महामार्गावर गाड्या थांबत नाहीत त्या बहुधा या भयाने.

कापडाचा किंवा केळीचा धंदा असलेल्या घरांत छोटा टेंपो असतो. मोटारीच्या परवान्यावर तो चालवावा की नाही, हा वाद बरीच वर्षे न्यायालयांत होता आणि विमा कंपन्या त्यावर बोट ठेवीत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, की साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येते. छोट्या व्यावसायिकांचा मोठाच घोर यामुळे मिटला.

आता परवान्याच्या मुदतीविषयी. तिशीच्या आत परवाना काढला तर तो चाळीस वर्षांच्या वयापर्यंत चालतो. तीस ते पन्नासच्या दरम्यान काढला तर दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान काढला तर साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपण्यापूर्वी एक वर्ष आणि संपल्यावर एक वर्ष अर्ज करता येतो. त्याहून उशीर झाला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदतीनंतरचे ते वर्ष अर्जासाठी आहे, गाडी चालविण्यासाठी नव्हे. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस परवाना वैध मानला जाई. ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकली. म्हणून घरातील ज्येष्ठांचा परवाना आजच कपाटातून काढून त्यावरील तारीख पाहावी. विम्याचा वर सांगितलेला हिशेब मुदत संपलेल्या परवान्यालाही लागू पडू शकतो. नजर, कान आणि गुडघे पूर्वीसारखे राहिले नसतील तर डॉक्टरांच्या दाखल्याकडे उपचार म्हणून पाहू नये. मुलगा-सून हे तोंडाने सांगू शकत नाहीत; डॉक्टर सांगू शकतात.

शेवटी आपल्या सीमेवरच्या लोकांचा नेहमीचा प्रश्न. इच्छापूर ओलांडले की महाराष्ट्र. मुक्ताईनगर, रावेर, भुसावळ येथे आपली निम्मी सोयरीक. परवान्याला ही सीमा नाही. मध्यप्रदेशात काढलेला परवाना साऱ्या भारतात चालतो, शिकाऊसुद्धा. तो मोबाईलवर 'डिजिलॉकर' किंवा 'एमपरिवहन' यांत असेल तर तोही ग्राह्य धरला पाहिजे, तिकडे आणि इकडे. रस्त्यावर वसूल होणाऱ्या तडजोडीच्या दंडाची रक्कम मात्र प्रत्येक राज्य ठरविते. म्हणून बुऱ्हाणपुरात एक आकडा आणि रावेरात दुसरा, यावरून पोलिसाशी हुज्जत घालू नये. गाडीची गोष्ट निराळी आहे. जावयाने जळगावहून आणलेली एमएच १९ क्रमांकाची मोटार सणासुदीला चार दिवस दारात उभी राहिली तर काही करावे लागत नाही. पण तीच मोटार मुलीच्या नावावर येथेच ठेवून दिली आणि बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर कलम ४७ प्रमाणे येथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आधी जळगावच्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणावे, मग येथील कर भरावा. तिकडे भरलेल्या कराच्या परताव्यासाठी तिकडेच अर्ज करावा. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर बँकेचीही संमती लागते, आणि याच कागदाला सर्वांत जास्त दिवस लागतात, म्हणून सुरुवात तेथून करावी. केंद्र व राज्य सरकारचे कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांचे नोकर यांना २०२१ पासून 'बीएच' मालिकेचा क्रमांक घेण्याची सोय आहे. बदलीच्या नोकरीत असलेल्या मुलामुलींनी नवी गाडी घेतानाच तिची चौकशी करावी.